मारोतीला दिलेली गोष्ट

आमच्या घरी भाताचं पहिलं वाढप बाबांच्या ताटात पडायचं आणि दुसरं मारोतीच्या. मारोती आमचा कोणी नव्हता. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, मासोळी धरणाऱ्या ढिवरांचा मोहल्ला होता, तिथला पोरगा, माझ्याच वर्गातला, म्हणजे बाबांचाच विद्यार्थी. शनिवारची सकाळची शाळा सुटली की बाबा त्याला सायकलच्या दांडीवर बसवून घरी जेवायला आणायचे, आणि ती दांडी मी पहिलीत गेले तेव्हापासून माझी होती. आता मी मागे, कॅरियरवर. कॅरियरवर बसणाऱ्याला रस्ता दिसत नाही. बाबांची घामेजलेली पाठ दिसते आणि पुढे चाललेलं बोलणं अर्धंमुर्धं कानावर येतं. हसणं मात्र पूर्ण ऐकू येतं. आता माझी साठी जवळ आली आहे, शाळेतली नोकरी संपली, गुडघे कुरकुरायला लागले. तरी रस्त्यात कोणाच्या सायकलच्या दांडीवर पोर दिसलं की माझी नजर आधी मागे कोण बसलंय तिकडे जाते.

बाबांना फौजेत जायचं होतं. तरुणपणी चंद्रपूरला भरतीसाठी गेले, धावले चांगले, पण छाती मापात भरली नाही. श्वास घेऊन घेऊन डोळे बाहेर यायची वेळ आली तरी फीत काही सरकली नाही, असं माय हसत हसत सांगायची आणि बाबा ताटावरून न उठता नुसते तिच्याकडे बघायचे. मग ते मास्तर झाले आणि स्वतःला जे मिळालं नाही ते गावच्या पोरांच्या गळ्यात उतरवायचं त्यांनी मनावर घेतलं. शनिवारी प्रार्थना झाली की त्यांची शिटी वाजायची. आधी कवायत, मग एका जवानाच्या शौर्याची गोष्ट, आणि शेवटी नागरिकत्व. हा शब्द आमच्यापैकी निम्म्यांना नीट म्हणता यायचा नाही, पण त्याचा अर्थ आम्हाला पक्का ठाऊक होता. दुसऱ्याच्या बांधीचा, म्हणजे धानाच्या खाचराचा, धुरा फोडून पाणी आपल्या धानात घ्यायचं नाही. तलावाच्या पाण्याची आपली पाळी आली नसेल तर धान पिवळं पडताना दिसलं तरी थांबायचं. बसमध्ये म्हाताऱ्या माणसाला जागा द्यायची. बहिणीला शाळेतून काढलं तर बापाला तोंडावर विचारायचं. "जवान बर्फात उभा राह्यते रातंदिवस," बाबा ओरडून सांगायचे, "अन् तुमाले आपली पाळी येईपर्यंत धुऱ्यावर उभं राहवत नाई?" पोरं घरी जाऊन खरोखरच बापांना विचारायची, आणि मग बाप तणतणत आमच्या ओसरीवर यायचे. बाबा त्यांना चहा पाजायचे आणि तेच सगळं पुन्हा ऐकवायचे.

शौर्याच्या गोष्टी पुष्कळ होत्या, पण एक गोष्ट वेगळी होती, कारण तिच्यातल्या जवानाची माय जिवंत होती आणि शेजारच्याच गावात राहत होती. तिचं नाव पार्बताबाई. एकुलता एक मुलगा फौजेत गेला, कुठेतरी उत्तरेकडे बर्फाच्या डोंगरातल्या चौकीवर होता. एके दिवशी पायाखालचा बर्फ खचला, जोडीदार खोल फटीत पडला, त्याला यानं दोराला धरून वर ओढून काढलं आणि तेवढ्यात वरचा कडा कोसळून हा स्वतः गेला. जोडीदार वाचला. याचा देह काही सापडला नाही. घरी आली ती पत्र्याची पेटी, घडी घातलेले कपडे आणि एक सलाम करणारे साहेब. मार्कंड्याला वैनगंगेच्या काठावर देहाच्या जागी पळसाच्या पानांचा माणूस करून तो जाळला, तेव्हा बाबा पार्बताबाईंच्या शेजारी उभे होते. तिथून परत आल्यावर त्यांनी शाळेत एक रीत पाडली. दर वर्षी थंडी सरता सरता पार्बताबाईंना शाळेत बोलवायचं. एका विद्यार्थ्यानं ओट्यावर उभं राहून सगळ्यांसमोर, त्यांच्यासमोर, त्यांच्या मुलाची गोष्ट सांगायची. मग त्या विद्यार्थ्यानं त्यांच्या पाटाशेजारी पाट मांडून जेवायचं. आणि पावसाळ्यात अख्खी शाळा त्यांच्या बांधीत एक दिवस रोवणा करायला, धानाची रोपं लावायला जायची, तेव्हा त्या रोपांची, पऱ्ह्यांची पहिली पेंढी त्याच विद्यार्थ्याच्या हातात.

मला ती गोष्ट सांगायची होती. इतकी सांगायची होती की मी ती कोंबड्यांना सांगितली होती, गोठ्यातल्या वासराला सांगितली होती, आणि विहिरीत तोंड घालून सांगितली होती कारण तिथे आवाज मोठा लागायचा. वरच्या वर्गातल्या पोरानं आदल्या वर्षी ती कशी चाचरत सांगितली ते मी ऐकलं होतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, "हिमाच्छादित शिखरांवर" कसं म्हणायचं, "चिरनिद्रा" म्हणताना मान किती झुकवायची, सगळं मी ठरवून ठेवलं होतं. त्या वर्षी पाळी आमच्या वर्गाची होती आणि आमच्या वर्गात माझ्याइतकं पाठांतर कोणाचं नव्हतं, हे बाबासुद्धा मान्य करायचे. त्या शनिवारी मी वेणीला नवी रिबीन बांधून गेले. बाबांनी शिटी वाजवली आणि म्हणाले, "यंदाची गोष्ट मारोती सांगन."

घरी ताटं मांडताना मला राहवलं नाही.

"बाबा, मले काऊन नाई?"

"तू घरची हायेस. घरच्या पोट्टीले मान देला तं लोक काय म्हणन?"

हे मी कसंबसं गिळलं असतं. पण बाबा थांबले नाहीत. "अन् जवानाची गोष्ट हाये बाई ती. पोट्ट्याच्याच तोंडी शोभते."

माय तेव्हा मारोतीच्या ताटात मासोळीचं कालवण ओतत होती. मासोळ्या त्यानंच आणलेल्या, पळसाच्या पानांत गुंडाळून. रिकाम्या हातानं यायचा नाही, एवढं म्हणावं लागेल. तो भाताचा डोंगर करायचा, त्यात खड्डा पाडायचा, कालवण ओतून घ्यायचा आणि पहिल्याच घासाला म्हणायचा, "बाई, आमच्या घरी असं नाई बनत." माझ्या मायला याहून जास्त काय पाहिजे होतं! मी बारा वर्षं तिच्या हातचं खात होते आणि मला असं म्हणायचं कधी सुचलं नव्हतं. "पाय बरं, पोट्टा कसा पोटभर जेवते," ती माझ्याकडे बघून म्हणायची, "तू तं ताटात चिवडत राह्यते नुसती." मला कालवण आवडायचं. पण मारोती आल्यावर ते माझ्या घशाखाली उतरायचं नाही. वाईट म्हणजे तो पोरगा स्वभावानं चांगला होता. उद्धट असता, मला चिडवत असता, तर हेवा करायला तरी सोपं गेलं असतं. तो मात्र माझ्या ताटातली मिरची बघून म्हणायचा, "गुरुजी, सुलूले तिखट लागत असन." आणि बाबा मायला म्हणायचे, "पाय, त्याचं लक्ष कुठी कुठी राह्यते!"

मग ओसरीवर तालीम सुरू झाली. रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मारोती यायचा. बाबा बाजेवर, तो समोर सावधानमध्ये, आणि मी कोपऱ्यात सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत. घरातून पाट्यावर जवसाची चटणी वाटल्याचा आवाज यायचा, तलावाकडून बदकांचा. बाबा एक वाक्य म्हणायचे, मारोती दुसरंच म्हणायचा. अर्थ तोच, पण शब्द त्याचे. "हिमाच्छादित" त्याच्या जिभेवर काही बसेना. तिसऱ्यांदा अडखळला तेव्हा त्यानं सरळ विचारलं, "गुरुजी, बर्फ म्हंजे तो मासोळीच्या ट्रकमधलाच ना?"

आता बाबांनीही डोंगरातला बर्फ कधी पाहिला नव्हता. आमच्या अख्ख्या पंचक्रोशीत बर्फ म्हणजे एकच. तलावातली मासोळी निघायला लागली की व्यापाऱ्याचा ट्रक पाळीवर येऊन उभा राहायचा. आत लाकडी खोक्यांमध्ये भुशात पुरलेल्या बर्फाच्या लाद्या. ढिवर त्या फोडायचे, खोक्यात एक थर बर्फाचा, एक थर मासोळीचा असं भरायचे, आणि ट्रक नागपूरला जायचा. फोडताना उडालेले तुकडे वेचायला आम्ही पोरं धावायचो.

"तोच बर्फ," बाबा म्हणाले, "पण लय. डोंगरभर."

"मंग त्याच्यावर भुसा कोण टाकते?"

"भुसा नाई लागत तिथी."

"मंग वितळत कसा नाई?"

"तू बर्फाचं सोड रे बाबा. जोडीदार पडला तिथून सांग."

मी सुपावर मान घालून हसले. मनात म्हटलं, बसा आता या तुमच्या पोट्ट्याला घेऊन. पण बाबा चिडले नाहीत. माझा एक शब्द इकडचा तिकडे झाला तर डोळे वटारणारे बाबा त्याच्या भुशावर हसत होते. दुसऱ्या दिवशी मारोतीनं मला ट्रकवरून बर्फाचा भलामोठा तुकडा आणून दिला, पानावर ठेवून, भुसा पुसून. मी तो खाल्ला नाही. ओसरीच्या कठड्यावर ठेवला आणि त्याच्या डोळ्यांदेखत वितळू दिला. तो म्हणाला, "अव, वाया गेला ना," आणि पुन्हा सावधानमध्ये उभा राहून गोष्ट म्हणायला लागला.

तो दिवस उजाडला तेव्हा शाळेचं पटांगण शेणानं सारवलेलं होतं, आंब्याच्या डहाळ्या बांधलेल्या होत्या, आणि मागच्या बाजूला चुलीवर भात, लाखोरीचं वरण आणि कोचईच्या, म्हणजे अळूच्या पानांच्या वड्या शिजत होत्या. माय आणि गावातल्या चारचौघी तिथे होत्या. मासोळी मारोतीच्या बापानं दिली होती. पार्बताबाई बंडीतून आल्या. बारीक अंगाच्या, विटक्या लुगड्यातल्या. बाबांनी त्यांच्या हाताला धरून खुर्चीवर बसवलं. त्या बसल्या, पदर नीट केला आणि जमिनीकडे बघू लागल्या. दर वर्षी त्या तशाच बसायच्या. सगळे त्यांच्या मुलाचं कौतुक करायचे आणि त्या दुसऱ्या कोणाचं तरी चाललंय असं ऐकायच्या. मी मुलींच्या रांगेत पुढे बसले होते. मारोतीला बाबांनी आपला पांढरा सदरा कापून-शिवून बसवला होता. तो सदरा मी ओळखला आणि माझं डोकं तापलं.

सुरुवात त्यानं बरी केली, नाही कशी म्हणू. दोर ओढतानाचा आवेश तर असा आणला की लहान पोरं खरंच मागे सरकली. जाळं ओढणारे हात होते ते, त्याला दोर कसा ओढायचा हे शिकवावं लागलं नव्हतं. कडा कोसळला. आता फक्त शेवटचं वाक्य राहिलं, की तो वीर हिमाच्छादित शिखरांवर भारतमातेच्या कुशीत चिरनिद्रा घेत आहे. मारोती थांबला. बाबांचे ओठ हलत होते, ते त्याला शब्द पुरवत होते. पण तो बाबांकडे बघतच नव्हता. तो खुर्चीवरच्या बाईंकडे बघत होता. आणि म्हणाला,

"बाई, तुमच्या पोराले काई झालं नसन. बर्फात मासोळी सडत नाई. नागपूरले जाईपर्यंत तिचे डोळे बी ताजेच राह्यते. तुमचा पोरगा तसाच असन, जसाच्या तसा."

हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. बाबांचे कान लालबुंद झाले. एका हुतात्म्याची तुलना मासोळीशी, तीही त्याच्या मायसमोर, आणि बाबांच्या शिकवणीतून! चुलीकडच्या बायासुद्धा पळी हातात घेऊन उभ्या राहिल्या. मला काय वाटलं ते सांगते. मला आनंद झाला. पायाच्या अंगठ्यापासून वर चढत जाणारा आनंद. घ्या म्हणावं, अजून वाढा त्याला भात!

"मारोती, उतर खाली," बाबा म्हणाले. मग त्यांनी मुलींच्या रांगेवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "सुलू, ऊठ. बाईले शेवट नीट सांग."

अख्ख्या शाळेसमोर बाबांनी माझं नाव घेतलं होतं. मी उठले. परकर झटकला. ओट्याच्या पायऱ्या मी ताठ मानेनं चढले, कारण प्रत्येक शब्द जागच्या जागी होता. मारोती खाली उतरत होता, मी वर चढत होते. त्याच्याजवळून जाताना मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी जागेवर उभी राहिले, हात बाजूला घेतले, श्वास घेतला.

तेवढ्यात पार्बताबाई खुर्चीवरून उठल्या. दर वर्षी येणाऱ्या त्या बाईंना कार्यक्रमाच्या मध्येच उठताना कोणी पाहिलं नव्हतं. त्या मारोतीपाशी गेल्या आणि त्याचा दंड धरला.

"कारे बाबू," त्या म्हणाल्या, "त्याले जनावर तं लागलं नसन?"

आमच्याकडे जंगलात मागे राहिलेल्या माणसाचं काय होतं, हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. मोहफुलं वेचायला गेलेली बाई संध्याकाळी परतली नाही, तर दुसऱ्या दिवशी काय हाती लागतं, ते ज्यांनी आणलंय ते जेवताना सांगत नाहीत. देह सापडला नाही असं त्या साहेबांनी सांगितल्यापासून पार्बताबाईंच्या डोळ्यांपुढे तेच होतं. शौर्य, सलाम, भारतमाता, सगळं त्यांनी मान खाली घालून ऐकलं होतं आणि हा एक प्रश्न कोणाला विचारावा ते त्यांना समजलं नव्हतं.

"बर्फात जनावर कुठून येईन बाई?" मारोती म्हणाला. "त्याच्यावर तं माशी बी नाई बसत. म्या पाह्यलं हाये ना."

"अन् डोळे?"

"तसेच. चकचकीत."

पार्बताबाई ओट्याच्या कडेला, माझ्या पायांजवळच बसल्या. दंड सोडला नाही. तोंडाला पदर लावून रडल्या. आधी हळू, मग मोठ्यानं, पटांगणभर ऐकू जाईल असं. मायनं चुलीकडून धावत येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाबा जागेवरच होते, शिटी मुठीत धरून. मग रडणं ओसरलं, त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बरं झालं रे बाबू. बरं झालं सांगतलं."

मी अजून उभी होते. मला बाबांनी उभं केलं होतं आणि बस म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. शेवट नीट सांगायचा होता. मी आवाज मोकळा केला आणि म्हणाले, "हिमाच्छादित शिखरांवर..."

पार्बताबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, अगदी मायेनं.

"राहू दे बाई," त्या म्हणाल्या. "ऐकलं म्या."

आता माझ्या वयाच्या बाईनं म्हणावं, की मोठेपणी मला सगळं उमगलं. पण मला ते तिथेच, ओट्यावर उभ्या उभ्या उमगलं होतं. त्या बाईंना काय पाहिजे होतं आणि ते कोणाकडे होतं, हे त्या पटांगणात मला इतरांच्या आधी कळलं असेल. कळल्यानं हेवा कमी होतो असं कोण म्हणतं? तो दुप्पट झाला. मारोती चुकला असता आणि मला मिळालं असतं, तर ठीक. मी बरोबर असते आणि बाबांनी अन्याय केला असता, तरी ठीक. हा चुकला आणि तरी जिंकला. पुढे मीही मास्तरीण झाले, पोरांना कवायत शिकवली, पाण्याची पाळी पाळायला शिकवलं, आणि दर वर्षी बर्फातल्या जवानाची गोष्ट सांगितली, एकही शब्द न चुकता. पोरं शांत बसून ऐकायची. माझी गोष्ट ऐकून कोणी उठून माझा दंड धरला नाही, की मला काही विचारलं नाही. मारोती फौजेत गेला नाही. गावच्या तलावात अजून जाळं टाकतो. सावली गावच्या बाजारात भेटला की माझ्यासाठी चांगली मासोळी निवडून ठेवतो, आणि त्या दिवसाबद्दल विचारलं तर म्हणतो, "काय बोललो होतो म्या? मले नाई आठवत." मला आठवतं. त्याच्या वाटचंही मीच लक्षात ठेवलंय.

त्या दिवशी मी ओट्यावर उभी असतानाच हेडमास्तर भानावर आले. काहीतरी करायला हवं म्हणून उठले आणि म्हणाले, मारोतीसाठी टाळ्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या, चुलीकडच्या बायांनी वाजवल्या, बाबांनी शिटी खिशात टाकून वाजवल्या. पार्बताबाई मारोतीचा हात धरून पाटांकडे निघाल्या होत्या. टाळ्या वाजवता वाजवता बाबांनी ओट्याकडे पाहिलं, माझ्याकडे. मग मीही वाजवल्या. सगळ्यांत जोरात वाजवल्या, कारण बाबा बघत होते.